तुम्ही न पुसलेली कॅसेट

तेरा दिवस लोक तुमच्याबद्दल बोलले आणि मी ऐकलं. कुणी म्हणालं, दुबईच्या टीव्हीत दिसलेला आपल्या भागातला एकच माणूस होता, तो गेला. कुणी म्हणालं, वहिनी नशीबवान, असा नवरा मिळाला. मी मान हलवली आणि चहा दिला. शेवटची माणसं काल लाखांदूरच्या बसमध्ये बसली. आज दुपारी मी तुमची लोखंडी पेटी उघडली. त्यात तुमची तिकडची वही निघाली. पुढची पानं हिंदीच्या सरावानं भरली आहेत, ‘मैं कह रहा हूँ’, ‘मैं कह रहा हूँ’, पानामागून पान. मागची पानं कोरी होती. त्यांवर हे लिहिते आहे.

तुमच्याशी मी आयुष्यात एकदाच मनातलं बोलले, तेही मशीनसमोर. त्याचं तुम्ही काय केलं ते तिकडे तुमच्या खोलीत राहणारा पतिराम सोडून इकडे कोणाला माहीत नाही. त्यावरून आपण भांडलो, पण जे विचारायचं होतं ते मी कधी विचारलं नाही. आपली मुलगी गेली तेव्हा तुम्हाला काही वाटलं का, एवढंच मला बारा वर्षं विचारायचं होतं. तुम्ही जिवंत होता तोवर माझं तोंड उघडलं नाही. काल पतिरामला विचारलं. त्यानं काय सांगितलं ते पुढे लिहीन. आधीचं आधी लिहिते, नाही तर माझाच गोंधळ होईल.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत होणाऱ्या नाटकात प्रॉम्प्टर होता. पडद्याआड बसून सगळ्यांची भाषणं हळूच सांगायची. नायक अडकला की त्याची मान तुमच्याकडे वळायची, आणि खाली बसलेल्या बाया हसायच्या. तुमची आई म्हणायची, ‘‘सारं नाटक याच्या पोटात, अन हार दुसऱ्याच्या गळ्यात.’’ तुम्ही हसायचात, पण त्या दिवशी जेवायचा नाही. मी पाहिलं होतं.

घरात तुमची आई होती, दीर होते. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि माझं तोंड तसंही बंदच. तीन वर्षांत आपण जे बोललो ते पाणी, भाकर, निघू का, हो, एवढ्यात मावेल. तुम्ही निघालात तेव्हा मला पाचवा महिना होता. नागपूरच्या एजंटानं इमारत बांधणाऱ्या कंपनीत हेल्पर म्हणून तुमचं नाव लावलं होतं. वरठीच्या स्टेशनपर्यंत दीर आले. मी दारात उभी राहिले. तुम्ही मागं वळून म्हणालात, ‘‘येतो.’’ ते कोणाला म्हणालात ते कळलं नाही, कारण माझ्या मागं तुमची आई उभी होती.

तुम्ही दुसऱ्याच मुलखात होता, पण गावासाठी तिकडचं सगळं दुबईच. नळावर बाया मला ‘दुबईवाली’ म्हणायला लागल्या.

आषाढात मुलगी झाली. दिरानं तुम्हाला पोस्टकार्ड लिहिलं. मी वाचलं होतं, चौथीपर्यंत शिकले आहे. ‘मुलगी झाली, मेलेली आली. बाईची तब्येत ठीक. रोवणा सुरू आहे.’ तुमचं उत्तर दीड महिन्यानं आलं. ‘वाचून वाईट वाटले. धान कसे आहे?’ ते पत्र मी पुष्कळदा वाचलं. ‘वाईट वाटले’ आणि ‘धान’ यांच्यामध्ये काही राहिलं असेल असं वाटायचं.

दिवाळीनंतर सुटीवर आलेल्या एका माणसाच्या हातून तुम्ही टेपरेकॉर्डर पाठवला आणि एक कॅसेट. सगळे अंगणात बसले. तुम्ही आईला नमस्कार केला, दिराला धानाचं विचारलं, बैलांची नावं घेतली. तुमची आई मशीनच्या जाळीला तोंड लावून ओरडली, ‘‘मी बरी हाओ रे. तुले आयकू येते का?’’ दीर म्हणाले, ‘‘अवो माय, थो बोलनाऱ्या बाजूचा नाई, आयकनाऱ्या बाजूचा हाय.’’ ती म्हणाली, ‘‘मंग त्याले सांग, आयकून घे म्हना.’’ सगळे हसले. माझं नाव तुम्ही घेतलं नाही. शेवटी म्हणालात, ‘‘दुसरी बाजू तिच्यासाठी हाय. तिले एकटीले आयकू द्या.’’

तुमच्या आईनं तोंड वाकडं केलं, पण मशीन मला दिली. दुसऱ्या दिवशी सगळे शेतावर गेल्यावर मी दार लोटून ऐकलं. तुम्ही मला कोणतं बटण कशाचं ते शिकवलं. लाल आणि काळं एकदम दाबायचं, म्हणजे आवाज भरतो. ‘‘भेऊ नको,’’ म्हणालात, ‘‘मी समोर नाई. समोर नसलो का तुले बोलता येईन.’’ तुम्हाला माझ्याबद्दल एवढं कळलं होतं याचं मला फार नवल वाटलं. त्यासाठी मी तुमचे उपकार मानते. आजही मानते. दुसऱ्या कोणी मला बोल म्हटलं नाही.

मग कॅसेट जायला-यायला लागली. कोणी जाणारा भेटला की त्याच्या हाती द्यायची. कॅसेट एकच होती. तुमच्या आवाजावर मी माझा भरायचा, माझ्या आवाजावर तुम्ही तुमचा. खालचं पुसलं जायचं. पत्र कोणाच्या हाती पडू शकतं, हे नाही पडणार. ऐकायचं आणि त्यावरच उत्तर द्यायचं, मग ते जगात राहत नाही. म्हणून मला धीर आला.

तुम्ही तुमचं सांगायचात. तुमची कंपनी टीव्ही केंद्राचा नवा हॉल बांधत होती. तुम्ही प्लायवूड आत नेऊन देता देता तिथंच रमलात, आणि दिवे उचलायला माणूस कमी होता म्हणून त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं. आपल्याकडच्या कामगारांसाठी हिंदीत अर्ध्या तासाचा कार्यक्रम असायचा. तुम्हाला त्यात बोलायचं होतं. चार वेळा आवाजाची परीक्षा दिलीत, आणि चारही वेळा साहेब काय म्हणाला ते त्याच्याच आवाजात करून दाखवलंत. ‘‘मियाँ, आवाज़ तो माशाअल्ला है, ज़बान कहाँ छोड़ आए?’’ मी एकटीच घरात हसले होते. पण त्यामागं तुम्ही जे बोललात त्यानं माझं हसू गेलं. हॉल बांधून होत आला होता. कंपनी सगळ्यांना परत पाठवणार होती. तिकडे ज्या मालकाच्या नावावर माणूस जातो त्याचं सोडचिठ्ठीचं पत्र मिळाल्याशिवाय दुसरीकडे राहता येत नाही, आणि दिवे उचलणाऱ्यासाठी टीव्हीवाले ते पत्र मागणार नव्हते. ‘‘काई तरी नवं पायजे,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘नाई तर पुन्हा मंडईत पडद्यामागं बसाव लागते.’’

त्याच कॅसेटवर मी उत्तर दिलं. पुन्हा आषाढ आला होता. सगळे रोवण्याला, चिखलात धानाची रोपं लावायला गेले होते. माझा पाय काट्यानं सुजला होता म्हणून मी घरी. लाल आणि काळं दाबलं आणि धानाचं सांगायला लागले, पण तोंडातून मुलीचंच आलं. तिची बोटं कशी होती ते सांगितलं, कपाळ तुमच्यासारखं रुंद होतं ते सांगितलं. तुमच्या आईनं तिला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून शेततळ्याच्या, बोडीच्या पाळीखाली पुरलं, मला जागा दाखवली नाही, म्हणून मी पाणी आणायला जाताना पाळीच्या बांधावर कुठं पाय ठेवावा याचा विचार करते, असं सांगितलं. मग जे सांगायला नको होतं तेही सांगितलं. दूध चार दिवस येत राहिलं. अंग ठणकायचं. कोणी बघणार नाही अशा वेळी मी घरामागच्या सांदवाडीत जाऊन पपईच्या बुंध्याशी पिळून टाकायची. त्या वर्षी पपई गोड झाली, आणि तुमची आई जेवताना मला वाढायची, आणि मी उठून जायची. हे सांगताना मी रडले. बटण बंद करायचं सुचलं नाही.

तुम्ही ऐकाल आणि त्यावर तुमचं भराल, मग ते पुसलं जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उत्तर आलं ते नव्या कॅसेटवर. कोरी, चकचकीत, वर इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, तुमचं बरं चाललं आहे. खरंच चाललं होतं. टीव्हीवाल्यांनी पत्र मागितलं होतं, मालकानं दिलं होतं, तुम्हाला कार्यक्रमात घेतलं होतं. हे सगळं तुम्ही आनंदानं सांगितलं. मुलीबद्दल काही नव्हतं. शेवटी होतं ते असं. ‘‘मागच्या बारीले चांगली बोललीस. आता असंच बोलत जा. फकत रडतानी तोंड मशीनपासून दूर नेऊ नको, आवाज पडते. अन मंदात कोंबडीले हाकललीस ते नको करू.’’

मला ते नीट कळलं नाही. मी लाजले. तुम्हाला माझं बोलणं आवडलं असं समजून, लिहिताना लाज वाटते, मी खूश झाले होते.

पौषात पतिराम आला. तुमच्याच खोलीत, तुमच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, कंपनीत वेल्डिंग करणारा लाखांदूरकडचा माणूस. आईसाठी ब्लँकेट आणि माझ्यासाठी पाठवलेलं कापड घेऊन आला. तुमची आई बाहेर गेली होती. मी दाराआडून पाणी दिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि मला हात जोडले.

‘‘वहिनी,’’ तो म्हणाला, ‘‘आमच्या कॅम्पातले गडी रडले. मेसमंदी टीव्ही हाय, दोनशे मानूस बसते. पठान होते, केरळचे होते, तेई रडले.’’

मी विचारलं, ‘‘कायले?’’

‘‘तुमचा आवाज आयकून.’’ त्याला वाटलं मला ठाऊक आहे. ‘‘भाऊ खुर्चीवर बसले होते, मांडीवर मशीन. एक वाक्य तुमचं, मंग थेच भाऊ हिंदीत सांगत. काय सांगत होते, वहिनी. ‘पपीते के पेड़ की जड़ में…’’’

तिथं तो थांबला. माझं तोंड त्याला दिसलं असेल. मी पुरुषमाणसासमोर कधी डोकं उघडं ठेवलं नव्हतं. त्या क्षणी पदर डोक्यावर होता आणि तरी मला वाटलं, मी त्या मेसमध्ये दोनशे पुरुषांसमोर उभी आहे आणि माझी चोळी उघडी आहे. माझी गोष्ट मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, तीही हिंदीत.

पतिराम घाबरला. मला बरं वाटावं म्हणून बोलत सुटला. ‘‘भाऊच्याई डोऱ्यातून धारच होती ना, वहिनी. दिखाव्याचं नाई. पहिल्या बारीले दिवा बुजला म्हनून पुन्हा कराव लागलं. मंग सायबानं म्हटलं, मान वर ठेवा, पानी दिसलं पायजे. भाऊ म्हनत, चारदा रडलो, चवथ्या बारीचं घेतलं.’’ आणि तो थोडा हसला, कारण तुम्ही सांगताना हसला होता.

त्या दिवशीपासून माझा प्रश्न सुरू झाला. चार वेळा तुम्ही दिव्यांसमोर रडलात, त्याचं मला काही नाही. पण त्याआधी, कॅसेट पहिल्यांदा हातात पडली, तुम्ही खाटेवर बसून एकटे ऐकलीत, तेव्हा? तेव्हा रडला असाल तर मी बाकी सगळं गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. रोटी गेली असती, परवाना गेला असता, माणूस काय करणार, मला समजत होतं. फक्त त्याआधी एकदा.

पुढच्या कॅसेटमध्ये तुम्ही म्हणालात, लोक विचारतात, त्या बाईचं पुढं काय झालं. साहेबही विचारतो. ‘‘एक बाजू भरून पाठव. मुलीचंच बोल. काई नवं नसन तर थेच पुन्हा बोल.’’

मी लाल आणि काळं दाबलं आणि समोर बसून सुपात लाखोळीची डाळ निवडली. एक बाजू संपेपर्यंत. तेवढंच पाठवलं. तुम्ही निरोप पाठवलात, मशीन बिघडली का? मी पुन्हा तसंच पाठवलं. तिसऱ्यांदा तुम्ही मशीनचं विचारलं नाही. मला कळलं, तुम्हाला कळलं.

बाकीचे गडी आपापल्या घरच्या कॅसेटी घेऊन येत, पण साहेबाला तीच बाई हवी होती. वर्षभरात तुम्हाला पुन्हा दिव्यांवर लावलं. आणखी काही दिवसांनी परवाना संपला आणि तुम्ही बॅग, घड्याळ आणि ती पेटी घेऊन वरठीला उतरलात. तुमचं काम मी घालवलं. हे मी आज पहिल्यांदा लिहून ठेवते. ठरवून घालवलं. सूप हलवताना मला ठाऊक होतं काय होईल ते, आणि मी डाळीतले खडे सावकाश वेचत होते.

तुम्ही आलात त्याच आठवड्यात आपलं भांडण झालं, सांदवाडीत, तुमच्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून खालच्या आवाजात.

‘‘नाव घेतलं का मी तुहं?’’ तुम्ही म्हणालात. ‘‘कोनाले मालूम थे कोन बाई हाय?’’

‘‘पतिरामले मालूम.’’

‘‘त्यानं हात जोडले तुले.’’

‘‘मले हात जोडून नोते पायजे.’’

‘‘मंग काय पायजे होतं? थेथं मी उन्हात सिमेंट उचलत होतो, थे पायजे होतं? तुह्या एका बोलन्यानं मी खुर्चीवर बसलो. हे चांगलं नाई झालं?’’

‘‘काय पायजे होतं ते सांग ना,’’ तुम्ही पुन्हा म्हणालात. मी सांगू शकले नाही. तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. तुम्ही म्हणालात, ‘‘मशीनसमोर तर लय बोलतस.’’ आणि घरात गेलात. ते भांडण तिथंच उभं आहे. आपण दोघंही त्याच्या बाजूनं फिरत राहिलो.

पुढं गाव तुम्हाला टीव्हीवाले म्हणायला लागलं. तुम्ही नागपूरला अर्ज केले, मुंबईला केले, उत्तर आलं नाही. पंचायतीत रंगीत टीव्ही आला तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसायचात आणि सांगायचात, बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकाखाली सावली पडली, दिवा चुकला. लोक कौतुकानं मागं वळून पाहायचे. एकदा मी पाण्याचा गुंड घेऊन जात होते तेव्हा कोणी तरी विचारलं, ‘‘भाऊ, तुमी कोनत्या कार्यक्रमात होते जी?’’ तुम्ही मला पाहिलंत. म्हणालात, ‘‘माहितीच्या.’’

भाजीत मीठ कमी पडलं की तुम्ही म्हणायचात, एक कॅसेट देली असती तर मी आज तिकडंच असतो. मी ताटात मीठ वाढायची आणि गप्प बसायची. माझ्या गप्प बसण्याचा तुम्हाला त्रास व्हायचा, आणि मला ते ठाऊक होतं, म्हणून मी जास्तच गप्प बसायची. मूल पुन्हा झालं नाही. तुमच्या आईनं दुसरी करायला सांगितलं, पोरगी पाहून ठेवली. तुम्ही म्हणालात, ‘‘हिच्यासारखी बोलनारी मले भेटाची नाई.’’ तुमची आई खूप हसली. त्या वाक्यावर मी कितीदा विचार केला असेल. टोमणा होता की नव्हता, हे तुमच्या तोंडावरून कळलं नाही. पण दुसरी आली नाही. त्याचे उपकार मी मानते. मानावे की नाही हे न कळता मानते.

या वर्षी तुमचे पाय सुजायला लागले, मग तोंड. एसटीनं भंडाऱ्याला जाऊन आलो, डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडं गेली. तुम्ही खाट अंगणात घालून घेतलीत. जायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरायच्या आधी, तुम्ही मला पाणी मागितलं, आणि मी पाजत असताना माझा हात धरलात.

‘‘बोल ना काई,’’ म्हणालात.

मी म्हटलं, ‘‘काय बोलू?’’

‘‘काईबी. मांगं बोलली होतीस तशी.’’

मी म्हटलं, ‘‘मशीन कोठं हाय?’’

तुम्ही हात सोडलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. नंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि सकाळी गेलात. मी तुम्हाला शेवटचं जे बोलले ते हे. तुम्ही मला जे केलं त्याहून हे मोठं की लहान, मला मोजता येत नाही. बोलताना बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

काल सगळे गेले आणि पतिराम मागं राहिला. आता लाखांदूरला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो चपला घालत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा तो दचकला, कारण इतक्या वर्षांत मी त्याला कधी आपणहून काही विचारलं नव्हतं.

‘‘माही ती कॅसेट आली तवा तुमी खोलीत होते का?’’

‘‘होतो, वहिनी.’’

‘‘ह्याईनं पहिल्या बारीले आयकली तवा?’’

‘‘होतो.’’

‘‘रडले का?’’

पतिराम चांगला माणूस आहे. खोटं बोलायची त्यानं तयारी केली, मला ते दिसलं. मग माझ्याकडे पाहून त्याला जमलं नाही.

‘‘आयकून घेतलं भाऊनं,’’ तो म्हणाला. ‘‘मंग मांगं फिरवून पुन्हा लावली. दुसऱ्या बारीले हातात घड्याळ घेतलं होतं.’’

‘‘घड्याळ कायले?’’

‘‘किती मिन्टाचं हाय ते पाहाले.’’ थोडा वेळ तो चपलेचा पट्टा ओढत राहिला. ‘‘त्याईचं कामच तसं होतं, वहिनी. मंग म्हनाले, पत्या, आठ मिन्टं भरते, हे चालन.’’

मी त्याला बसपर्यंत पोचवलं. घरी आले, चूल पेटवली, भात टाकला. रडू आलं नाही. उत्तर मिळालं होतं.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती कॅसेटमध्ये नव्हती.

पोस्टकार्डात दिरानं लिहिलं आणि मशीनला मी सांगितलं, मुलगी मेलेली आली. तसं नव्हतं. ती जिवंत आली. सुईणीनं तिला उलटी धरली आणि ती रडली. सुईण म्हणाली, ‘‘जित्ती हाय, वो.’’ मी तिला छातीशी धरलं. तिनं तोंड लावलं होतं, पण ओढायची ताकद नव्हती. पहाटेची होती, दुपार व्हायच्या आत गेली. बाहेर रोवण्यासाठी धानाच्या रोपांचे पऱ्हे उपटून ठेवले होते, रोवणाऱ्या बाया सांगून ठेवल्या होत्या. लेकरू रडलं म्हणजे जगलं, आणि जगून गेलं म्हणजे घराला सुतक, सुतकात धानाच्या बांदीत पाय टाकता येत नाही. तुमची आई दारात उभी राहून म्हणाली, ‘‘मेलेलीच आली म्हना. कोनी विचारलं तर मेलेलीच आली.’’ सुईणीनं मान हलवली. मी पण हलवली. दुसऱ्या दिवशी रोवणा झाला, आणि धान चांगलं पिकलं. तुम्ही विचारलं होतं ना, धान कसं आहे.

हे मी मशीनला सांगितलं नाही, कारण तुम्ही परक्या मुलखात एकटे, ऐकून तुमचं काय होईल याची मला काळजी वाटली. परत आल्यावर तुम्हाला तुमच्या आईचं तोंड पाहावं लागणार होतं, त्याचीही. तुम्ही याल तेव्हा समोर बसून सांगायचं असं ठरवलं होतं. त्यासाठी मी बोलण्याचा सरावही केला होता, सांदवाडीत. तुमच्या आधी पतिराम आला. मग मी ते ठेवून दिलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात तेव्हा तेच सांगणार होते.

तुमच्या आईला जाऊन चार वर्षं झाली, सुईण त्याआधी गेली, आता तुम्ही. तिचा आवाज ऐकलेली मी एकटी उरले आहे. बारीक नव्हता तो. सुईण पण म्हणाली, पोरीचा नाही वाटत. जाड होता, भरलेला, साऱ्या घरात गेला असता. तुमच्यावर गेला होता.